सुळेभावीचा रचनाकार: कुमार गंधर्वांनी नवे राग 'केले' म्हणजे नेमकं काय केलं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही गाण्याची थोडी गोडी असलेल्या माणसाला कुमार गंधर्वांबद्दल विचारा. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आपल्या सुळेभावीचे की ते!" मग 'ऋणानुबंधाच्या'चा विषय निघतो, मग निर्गुणी भजनांचा, मग एका फुप्फुसावर गायचे ही हकिकत होते, आणि बोलणं तिथेच थांबतं.

आता गंमत बघा. 'ऋणानुबंधाच्या'चे शब्द बाळ कोल्हटकरांचे आणि चाल वसंत देसाईंची. निर्गुणी भजनांचे शब्द कबीराचे, गोरखनाथांचे. कुमारांचा आवाज आपण डोक्यावर घेतला, पण ज्या कामात शब्द, सूर आणि आराखडा सगळंच त्यांचं होतं, त्या बंदिशींबद्दल आणि नव्या रागांबद्दल आपण फारसं बोलत नाही. कारण उघड आहे. तिथे 'वा!' म्हणून भागत नाही, राग म्हणजे काय हे थोडं समजून घ्यावं लागतं. गाणं ऐकायला आवडतं पण आरोह-अवरोह म्हटलं की जे अंग चोरतात, अशांसाठी हे लिहितो आहे.

आधी चरित्र, भराभर. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत झाला. घर लिंगायत, बोली कन्नड, वडील गाण्याचे शौकीन. पोरगं लहानपणीच ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब उतरवायला लागलं. वझेबुवा, अब्दुल करीम खाँ, नारायणराव व्यास, ज्याची तबकडी हाती लागेल तो. सात-आठ वर्षांच्या त्या मुलाला एका मठाच्या स्वामींनी 'कुमार गंधर्व' म्हटलं आणि शिवपुत्र हे नाव मागे पडलं. 1936 साली मुंबईत जिना हॉलमधल्या परिषदेत तो गायला आणि जाणकारांनी तोंडात बोटं घातली. पुढे प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे, ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या संगीत विद्यालयात, शिक्षण झालं. देवधर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य खरे, पण स्वभावाने संग्राहक. कुठल्याही घराण्याची चांगली चीज दिसली की ती ते मिळवणार, लिहून ठेवणार. कुमारांनी पुढे घराण्यांच्या भिंती मानल्या नाहीत, त्याची सुरुवात मला या घरात दिसते.

नक्कल करणाऱ्या मुलांचं पुढे सहसा काही होत नाही. दहा जणांचे आवाज गळ्यात असले की अकरावा, स्वतःचा, सापडत नाही. कुमारांच्या बाबतीत तो कसा सापडला, हा प्रश्न त्यांच्या रचनांपर्यंत नेतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या अभिजात संगीतात रचनाकार नक्की काय करतो? पाश्चात्त्य संगीतात उत्तर सोपं आहे. तिथे रचनाकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर कागदावर लिहितो आणि वाजवणारे तो वाजवतात. मराठी माणसाला दुसरा एक रचनाकारही चांगला ठाऊक आहे, तो म्हणजे पदाला चाल लावणारा. याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं, तेव्हा कुठली चाल कुठल्या प्रसंगाला बसेल याचा त्यांचा अंदाज जबरदस्त होता. त्यांच्या पदांत कानडी चालीही आल्या. पण ख्यालगायकाची बंदिश यापेक्षा वेगळी. ती असते चार-सहा ओळींची. स्थायी आणि अंतरा, असे दोन भाग. लिहिलेलं तेवढंच गायलं तर दोन मिनिटांत संपेल. गवई मात्र ती घेऊन पाऊण तास बसतो आणि उरलेलं सगळं जागच्या जागी सुचत जातं.

मग त्या चार ओळींत रचनाकाराने केलं काय? तर त्याने रागाचा एक विशिष्ट चेहरा पकडला. कुठल्या सुरावरून उठायचं, कुठल्या सुरावर थांबायचं, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, कुठलं अक्षर आणि कुठला सूर एकत्र येतील, हे त्याने ठरवून टाकलं. तीनतालाच्या सोळा मात्रांत बऱ्याच बंदिशी नवव्या मात्रेवर, म्हणजे 'खाली' म्हणतात त्या जागेवरून, उठतात आणि समेवर येऊन आदळतात. रचनाकाराने मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, दोन मात्रा आधी किंवा नंतर उचलला तर त्याच रागाचा तोल बदलतो. शब्दांतला 'आ' लांब ओढता येतो, 'ट'वर गळा अडतो, हेही तोच बघतो. चांगली बंदिश गाणाऱ्याला पाऊण तास वाट चुकू देत नाही. कुमारांचा आग्रह हाच होता: राग कळायचा तर बंदिशीतून कळतो, आणि एकाच रागाच्या दोन चांगल्या बंदिशी त्याची दोन वेगळी रूपं दाखवतात. म्हणून बंदिश बदलली की त्यांचा आलापही बदलायचा. एकच ठरीव बढत, म्हणजे रागाचा विस्तार, सगळ्या बंदिशींवर चढवणं त्यांना मान्य नव्हतं.

जुन्या रागांत त्यांनी केलेल्या बंदिशींबद्दल फार वाद झाले नाहीत. वाद झाले ते नव्या रागांवरून. "राग काय कुणीही करायचे असतात होय?" असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यासाठी थोडं गणित करू.

सप्तकातले सात सूर घ्या. षड्ज, म्हणजे सा, सोडता येत नाही. चढताना सातही घेतले तर एक प्रकार, बाकीच्या सहांपैकी एक गाळला तर सहा प्रकार, दोन गाळले तर पंधरा. एकूण बावीस. उतरताना पुन्हा बावीस. बावीस गुणिले बावीस म्हणजे 484. हे झालं एका मेलाचं, म्हणजे सात सुरांच्या एका ठरीव संचाचं. दक्षिणेतल्या व्यंकटमखी या शास्त्रकाराने सतराव्या शतकात 72 मेल मांडले. 72 गुणिले 484 म्हणजे 34,848 राग, तेही नुसत्या बेरीज-गुणाकारातून! कागद-पेन्सिल घेऊन कुणीही आज संध्याकाळपर्यंत एखादा 'नवा राग' काढू शकतो. प्रत्यक्षात मात्र मैफलींत वर्षानुवर्षं फिरतात ते शे-दीडशे राग.

बाकीचे कुठे गेले? ते रागच नव्हते, नुसत्या सुरांच्या याद्या होत्या. याचा पुरावा हवा असेल तर भूप आणि देशकार ऐका. दोघांचे सूर अगदी तेच: सा, रे, ग, प, ध. एक सूर इकडचा तिकडे नाही. तरी भूप गंधारावर (ग) रेंगाळतो, खालच्या अंगाने चालतो, रात्रीच्या पहिल्या प्रहरात गातात. देशकार धैवतावर (ध) उभा राहतो, वरच्या अंगाने खेळतो आणि सकाळी गातात. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचंही तसंच, सहा सूर तेच. पण पूरिया मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, खोल जातो, सोहनी तार (वरच्या) षड्जाभोवती चमकते आणि मारवा कोमल ऋषभ (रे) आणि शुद्ध धैवतावर अस्वस्थ करून सोडतो.

म्हणजे राग सुरांत नाही, सुरांच्या चालण्यात आहे. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पुण्याला गेलेल्या बेळगावच्या पोराने अगदी छापील मराठीत एक वाक्य बोलावं, आणि समोरच्याने विचारावं, "बेळगावचे का?" शब्द सगळे तेच असतात, हेल सांगून टाकतो. राग म्हणजे तो हेल. आणि अडचण इथेच आहे, कारण नवी अक्षरं शोधता येतात पण नवा हेल एकट्याने खोलीत बसून शोधता येत नाही. तो कुणाच्या तरी तोंडी आधीपासून असावा लागतो.

कुमारांना तो माळव्यात सापडला. 1947 साली भानुमतीबाईंशी लग्न झालं. त्या देवधरांच्याच विद्यालयातल्या, स्वतः गाणाऱ्या. त्याच सुमारास कुमारांना क्षय झाला. मुंबईची दमट हवा सोसवेना म्हणून 1948 च्या सुरुवातीला दोघं देवासला गेली, इंदूरजवळच्या कोरड्या हवेत. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच जगाला माहीत झालं होतं, आपल्याकडे सहज मिळायला आणखी काही वर्षं गेली. ते मिळाल्यावर कुमार बरे झाले, पण मधली पाच-सहा वर्षं पडून काढावी लागली. चोवीस-पंचवीस वर्षांच्या, नाव झालेल्या गवयाची ती वर्षं.

या वर्षांबद्दल फार हळवं लिहिलं जातं. मी ते टाळतो. एवढंच नोंदवतो की गळा बंद होता आणि कान उघडा होता. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी त्या घरावरून लग्नाची, सणावाराची, पावसाची गाणी म्हणत बायका जात. नाथपंथी गोसावी निर्गुणी पदं म्हणत येत. भानुमतीबाई शुश्रूषा करत होत्या, आणि माळवी लोकगीतं गोळा करण्याच्या कामातही त्यांचा हात होता. कुमार ती गीतं सुरांत टिपत होते. लोकसंगीताची आवड असलेले लोक पुष्कळ असतात, पण टिपणं वाचताना 'या चार सुरांत राग कुठे आहे?' असं विचारणारा विरळा.

लोकधुनेची लांबी-रुंदी बघितली तर ती फार छोटी. तीन, चार, फार तर पाच सूर. एकच ओळ फिरून फिरून येते. पण ती ओळ शेकडो गळ्यांतून गेलेली असल्याने तिच्यात उपरं काही उरत नाही. कुमारांचं म्हणणं असं की आपले जुने राग असेच धुनांतून उगवले असणार. मांड, पहाडी ही नावं आजही आपलं गाव सांगतात. मग राग उगवण्याची ही क्रिया मध्येच थांबली असं का धरायचं? अशा रागांना त्यांनी 'धुनउगम राग' म्हटलं. मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी, मघवा, अहिमोहिनी, निंदियारी, भवमत भैरव, बीहड भैरव, राही ही त्यांतली काही नावं.

हे जोडरागांहून वेगळं आहे, आणि इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. जोडरागात दोन तयार राग सांधतात. बसंत आणि बहार मिळून बसंत-बहार. कोल्हापूरच्या मुक्कामामुळे आपल्या भागाला जवळच्या असलेल्या जगन्नाथबुवा पुरोहितांनी जोगकंस रूढ केला, तोही याच वाटेचा. त्यालाही मोठी नजर लागते, सांधा दिसला की संपलं. पण तिथे कच्चा माल आधीच राग असतो. धुनउगम रागात कच्चा माल राग नसतोच. समजा धुनेत चार सूर आहेत. आता त्या चालीला मंद्रात न्यायचं, तारात न्यायचं, तर वाटेत कुठले सूर घ्यायचे? जो सूर घेतल्यावर धुनेचा हेल मोडतो तो बाद. जो घेतल्यावर ती ओळ आणखी तिच्यासारखी वाटते, तो ठेवायचा. मग विश्रांतीच्या जागा ठरवायच्या. एक विलंबित (संथ), एक द्रुत (जलद) बंदिश बांधायची. आणि शेवटी अर्धा-पाऊण तास गाऊन बघायचं: आलाप करताना हा शेजारच्या एखाद्या जुन्या रागात घसरतो का? घसरला तर तो वेगळा राग नव्हता, पुन्हा सुरुवात. 34,848 च्या यादीतून एक निवडण्याच्या अगदी उलटा हा प्रवास आहे.

सगळे राग धुनेतूनच आले असं नाही. 1969 साली गांधी जन्मशताब्दीला त्यांनी गांधी मल्हार केला. एका माणसाचं व्यक्तिमत्त्व रागात उतरवायचं, असा तो प्रयत्न. मला स्वतःला तो ऐकताना नाव आधी ऐकू येतं आणि राग नंतर. मालवती किंवा सहेली तोडीत तसं होत नाही, तिथे नाव विचारायचं भानच राहत नाही. हे माझं मत, जाणकार वेगळं सांगतील.

नव्या-जुन्या रागांतल्या त्यांच्या बंदिशी 'अनूपरागविलास' या ग्रंथात स्वरलिपीसह आहेत. पहिला भाग 1965 साली मौज प्रकाशनाने काढला, दुसरा त्यांच्या निधनानंतर आला. बंदिशींची भाषा ब्रजसारखी, पण माळवीकडे झुकलेली, घरगुती, बायकांच्या तोंडची. कन्नड घरात जन्मलेला, मराठी वातावरणात शिकलेला माणूस तिसऱ्याच मातीच्या बोलीत लिहितो आणि तिथले लोक ती आपली मानतात. बेळगाव कुणाचं, हा वाद आपण 1956 पासून घालतो आहोत. कुमार कुणाचे, यावर तसाच वाद घालायला आपले लोक अधूनमधून सरसावतात. तो माणूस सगळ्यांना पुरून उरला, एवढं बोलून मी पुढे जातो.

मैफल हीच एक रचना असू शकते, हे त्यांचं आणखी एक काम. 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' यांत एकेका ऋतूभोवती ख्याल, लोकगीतं, टप्पा असं सगळं गुंफलेलं असायचं. 'त्रिवेणी'त कबीर, सूरदास, मीरा. मराठी श्रोत्यांसाठी 'तुकाराम दर्शन' आणि 'मला उमजलेले बालगंधर्व'. यातला 'मला उमजलेले' हा शब्द नीट घ्यावा. लहानपणी तबकड्यांची हुबेहूब नक्कल करणारा हा मुलगा मोठेपणी बालगंधर्वांची पदं गायला बसला, तेव्हा त्याने नक्कल केली नाही.

एका फुप्फुसाच्या हकिकतीबद्दल थोडं. त्यांचं गाणं तुकड्या-तुकड्यांचं, छोट्या झपाट्यांचं, मध्ये अचानक शांतता ठेवणारं आहे, आणि त्याचं कारण म्हणून आजार सांगितला जातो. श्वास पुरत नव्हता हे खरंच. पण तेवढ्यावर सगळं निभावून नेणं मला आळशीपणाचं वाटतं. फुप्फुसं अधू झालेले गवई आणखीही झाले असतील, त्यांनी असं गाणं केलं नाही. ज्या धुना कुमार वर्षानुवर्षं ऐकत होते, त्यांचीच वाक्यं छोटी आहेत. छोट्या वाक्यात पूर्ण अर्थ आणायचा, हे रचनाकाराचं शिस्तीचं काम त्यांनी गाण्यातही आणलं. आजाराने मर्यादा घातली, शैली त्यांनी निवडली.

टीका झाली ती वेगळ्या कारणाने. धारवाड-हुबळी-बेळगाव हा पट्टा घराण्यांचा. कुंदगोळचे सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी हे किराणा घराण्याचे. मल्लिकार्जुन मन्सूर जयपूर घराण्याचे. इथला श्रोता बढत पायरीपायरीने व्हायला हवी अशा कानाचा. त्याला कुमारांचं गाणं सुरुवातीला उडतं वाटलं तर नवल नाही. मला वाटतं त्या श्रोत्याचा आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. भीमसेनांचा दरबारी ऐकून जे समाधान होतं, त्या जातीचं समाधान कुमार देत नाहीत आणि द्यायचंही नव्हतं त्यांना.

उरलेलं चरित्र दोन ओळींत. भानुमतीबाई 1961 साली बाळंतपणात गेल्या. 1962 मध्ये वसुंधराताईंशी विवाह झाला, त्यांची साथ शेवटपर्यंत राहिली. मुलगा मुकुल शिवपुत्र आणि मुलगी कलापिनी कोमकली दोघंही गाण्यात. 1977 साली पद्मभूषण, 1990 मध्ये पद्मविभूषण. 12 जानेवारी 1992 रोजी देवासच्या 'भानुकुल' या घरी निधन.

आता ऐकायचं कसं, ते सांगतो. थेट धुनउगम रागांवर उडी मारू नका. आधी नंद राग घ्या. परंपरेतली विलंबित बंदिश 'ए बारे सैंया' कुणाही जुन्या गवयाची ऐका, मग त्याच रागातली कुमारांची 'राजन अब तो आजा रे'. राग तोच आहे, तरी दुसरीत तो लाडात येऊन भांडतोय असं वाटेल. बंदिश रागाचं रूप कसं बदलते, ते इथे कानाला कळतं. दोन-तीनदा ऐकल्यावर कुमारांनी गायलेली माळवी लोकगीतं लावा, एखादी ओळ गुणगुणता येईपर्यंत. त्यानंतर मालवती. घरात पेटी असेल आणि कुणी शिकत असेल तर त्याला एखाद्या माळवी गीताचे सूर काढायला लावा. चार-पाच पट्ट्यांत काम भागतं. मग मालवतीतली बंदिश त्याच पेटीवर बसवायला घ्या आणि जास्तीचा सूर कुठे, कोणत्या वळणावर आला यावर खूण करा. खुणा जिथे पडतील, तिथे रचनाकाराचं काम सुरू झालेलं आहे.